वाघिणीवर कोणतं साल घालायचं?

मालगाडीचं मॉडेल करायला बसलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो : साल कोणतं? बहुतेकांना तो आगाऊपणा वाटतो. स्केल कोणतं, इंजिन कोणतं, चाकं कुठून मागवायची हे सगळं ठरलेलं असतं, साल तेवढं ठरलेलं नसतं. ‘जुन्या काळातली कोळशाची गाडी’ एवढ्यावर त्यांचं भागतं. पण कोल्हापूर–मिरज मार्गावर मीटरगेजच्या वाघिणी साधारण ऐंशी वर्षं धावल्या आणि तेवढ्या काळात त्यांना चालवणारी रेल्वे चार नावांनी ओळखली गेली. साल न ठरवता केलेली वाघीण त्या ऐंशी वर्षांत एकाही दिवशी कोल्हापूरच्या यार्डात उभी राहू शकत नाही.

मी पॅटर्नमेकर. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून देण्यात हयात गेली. ऑइल इंजिनची बॉडी, पंपाची केसिंग, चरकाचे रूळ, जे येईल ते. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटाला एक सूत मोठा धरायचा. मशिनिंग होणार असेल तिथं वेगळी माया सोडायची. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा. असल्या हिशेबात हात मुरलेल्या माणसाला ‘साधारण असंच असेल’ हे वाक्य सहन होत नाही. हा स्वभावाचा दोष असेल, पण कोल्हापुरात तो पुष्कळांना आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी 1918च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथं वस्तू नीट बघायची सवय जुनीच म्हणायची.

माझं स्केल एकास वीस. मीटरगेज म्हणजे रुळांमधलं अंतर 1000 मिलिमीटर, त्याचे झाले 50. बाजारात 45 मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, त्यावर मीटरगेज दाखवायचं तर स्केल एकास साडेबावीस धरावं लागतं. मला साडेबावीसचे भागाकार नको होते, म्हणून रूळच स्वतः केले. हौशी लोक एक गोष्ट हटकून चुकवतात, ती म्हणजे रूळ आणि डबा यांचं प्रमाण. ब्रॉडगेजचा डबा रुंदीला रुळांच्या दुपटीहून थोडा कमी भरतो. मीटरगेजचा दुपटीहून चांगलाच जास्त. अरुंद रुळांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं ते धूड हीच मीटरगेजची चण. ती चुकली की पुढं कितीही रंगरंगोटी करा, गाडी खेळण्यातली दिसते.

आता सालांकडं येऊ. 1876 ते 78च्या दुष्काळात धान्य असूनही ते माणसांपर्यंत पोचवता येईना, तेव्हा सरकारला दख्खनमध्ये रेल्वे हवीशी झाली. त्यातून 1882मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. मुख्य कचेरी धारवाडला, 1885पासून वर्कशॉप हुबळीला. पुण्याहून सातारा, मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंतची मीटरगेज लाइन 1890मध्ये पुरी झाली. कोल्हापूर दरबारनं मिरजेपर्यंतचा 29 मैलांचा फाटा स्वतःच्या पैशानं घातला. 1888मध्ये त्याचं भूमिपूजन झालं ते राज्याधिकार मिळण्याआधीच्या कोवळ्या शाहू महाराजांच्या हस्ते, आणि 1891मध्ये गाडी सुरू झाली. मार्ग दरबारचा, पण गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा कंपनीकडं. म्हणून वाघिणीवर दरबारचं नाव घालायचा मोह आवरावा, असं माझं मत. कोल्हापूरकराला तो मोह होतोच, मलाही होतो. पण तसं अक्षर घातलेल्या वाघिणीचा फोटो कुणी समोर ठेवेपर्यंत मी ब्रश उचलणार नाही.

1908च्या जानेवारीत सदर्न मराठा आणि मद्रास रेल्वे एकत्र आल्या आणि मद्रास अँड सदर्न मराठा झाली. जुनी माणसं तिला ‘एम अँड एस एम’ म्हणत. 1944मध्ये ती सरकारनं ताब्यात घेतली. 14 एप्रिल 1951ला दक्षिण रेल्वे जन्माला आली, 2 ऑक्टोबर 1966ला दक्षिण मध्य. 1971च्या सुमारास कोल्हापूरला ब्रॉडगेज आलं आणि मीटरगेजचा हिशेब मिटला. मधल्या काळात, 1949च्या मार्चमध्ये, खुद्द कोल्हापूर संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं होतं. वाघिणीच्या बाजूवर चार अक्षरं रंगवण्याआधी एवढं पाठ असावं लागतं.

नुसतं रंगवायचं असतं तर प्रश्न सोपा होता. माझ्या टेबलावर अ‍ॅक्सलबॉक्सचं एक बिडाचं झाकण आहे. भंगारवाल्याकडून वजनावर घेतलं, त्यानं पैसे घेताना माझ्याकडं जरा दयेनंच पाहिलं. झाकणावर एम अँड एस एमची अक्षरं ओतीव आहेत. बोट फिरवलं की अक्षरांच्या कडा तळाशी रुंद आणि वर निमुळत्या लागतात, तोच वाळूतून सुटण्याचा उतार. शेवटचा एम किंचित डावीकडं कललाय. पॅटर्नवर अक्षरं कोरत नाहीत, शिश्याची तयार अक्षरं बारीक चुकांनी ठोकून बसवतात. एक चूक ढिली झाली की अक्षर फिरतं, आणि त्या पॅटर्नवरून निघणाऱ्या प्रत्येक झाकणावर ते तसंच कललेलं उतरतं. माझ्याच धंद्यातल्या कुठल्याशा मिस्त्रीचा तो ढिलेपणा. नंतर कुणीतरी मुकादमानं त्याला झापलंही असेल.

पण मुद्दा वेगळा आहे. बाजूच्या फळ्यांवरचा रंग एका दुपारी बदलता येतो, ओतीव अक्षर पुसता येत नाही. अ‍ॅक्सलबॉक्स चांगला चालत असेल तर मालकाचं नाव बदललं म्हणून तो कुणी फेकून देत नाही. तेव्हा 1955ची वाघीण करायची झाली तर वर दक्षिण रेल्वेचा रंग आणि खाली चाकांपाशी जुन्या कंपनीचं बीड, अशीच ती मी करतो. प्रदर्शनात लोक म्हणतात, ‘मिस्त्री, वरचं आणि खालचं नाव जुळत नाही.’ जुळत नाही हेच बरोबर आहे.

वजनाच्या आकड्यांचंही तसंच. मेट्रिक मापांचा कायदा 1956चा आणि अंमल 1958च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं. त्याआधी रेल्वेचा हिशेब टन-हंड्रेडवेटचा आणि मालाच्या भाड्याचा हिशेब मणावर. 1950ची म्हणून केलेल्या वाघिणीवर किलोग्रॅम दिसला की त्या मॉडेलवाल्याचं बाकीचं काम मी बघत नाही. हा माझा कडकपणा मला मान्य आहे.

यापेक्षा मोठी गफलत जोडणीची. आपल्याकडचं कुठलंही चित्राचं पुस्तक उघडा, डब्याच्या तोंडाला दोन बाजूंना दोन गोल बफर आणि मधे साखळी किंवा स्क्रू. ते ब्रॉडगेजचं. मीटरगेजला मधोमध एकच बफर असायचा आणि त्यातच आकडा. दोन डबे भिडले की एकाचा चोचीसारखा आकडा दुसऱ्यावर पडून अडकायचा. कोल्हापूर स्टेशनात 1971पूर्वी दोन बफरांची वाघीण येणं शक्य नव्हतं, तिच्यासाठी रूळच नव्हते. एका नावाजलेल्या प्रदर्शनात ‘शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूर’ अशी पाटी लावून दोन बफरांची आख्खी मालगाडी मांडलेली मी पाहिली. काम सुबक होतं. रूळसुद्धा ब्रॉडगेजच्या प्रमाणात होते, म्हणजे गफलतीतही सुसंगती होती.

रंगाबद्दल फार ठाम बोलू नये. जुने फोटो कृष्णधवल, आणि त्या काळच्या काचेच्या पुष्कळ प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, लाल-तपकिरी वस्तू त्यात काळपट उमटे. फोटोत काळी दिसते म्हणून वाघीण काळी रंगवणारे आणि तसं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांना मी आधी प्लेट कुठली हे विचारतो.

वाघीण तयार झाली की तिच्यात काय भरायचं, हा सगळ्यात रंगतदार भाग, आणि कोल्हापूरकराला त्याचं उत्तर घरातच मिळतं. गूळ. रेल्वे आल्यावर चार वर्षांनी, 1895मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनाला लागून शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बैलगाड्यांतून रवे पेठेत यायचे, सौदे व्हायचे, आणि तिथून माल स्टेशनावर. आजही कोल्हापूर सोडल्यावर लगेच लागणाऱ्या छोट्या स्टेशनाचं नाव गूळ मार्केट आहे. आता गूळ हा लाडावलेला माल. हवेतलं पाणी ओढून घेतो, पाझरतो, ऊन लागलं की मऊ पडतो. तो उघड्या वाघिणीत घालणारा अडत्या अजून जन्माला यायचाय. तरी मॉडेलमध्ये लोक उघडी वाघीण घेतात, कारण आतले पिवळेधमक रवे दिसावेत! दिसण्यासाठी करायचं तर मग बंद वाघिणीचं दार अर्धं सरकवा, दारात हमाल उभा करा, पाठीवर रवा द्या. आपोआप सगळं दिसतं.

त्या रव्याचं पुढं काय व्हायचं, हेही वाघीण सांगते. मुंबईकडं जाणारा माल पुण्यापर्यंत मीटरगेजनं, आणि पुण्याला जी.आय.पी.चं ब्रॉडगेज सुरू. वाघीण पुढं जाऊ शकत नाही. सगळा माल हमालांनी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. गुळाचा रवा दोनदा आपटला की टवका उडणारच, आणि टवका उडालेल्या रव्याचा भाव पडणार. उलट दिशेला मात्र मिरज, बेळगाव, लोंढा करत थेट मुरगाव बंदरापर्यंत एकच गेज. वाघिणीचं दार कोल्हापुरात लावलं तर ते समुद्रापाशी उघडता येत होतं. लॉर्ड मेयोच्या सरकारनं 1870च्या सुमारास खर्च वाचवायला मीटरगेज निवडलं. तो खर्च पुढं पुण्याच्या हमालीतून किती वर्षं वसूल होत राहिला, याचा हिशेब एखाद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं जरूर करावा.

मिरजेचं मॉडेल करणाऱ्यांना तर साल आणखीच छळतं. पंढरपूरकडून बार्शी लाइटची अडीच फुटी लाइन मिरजेला पोचली 1927मध्ये. त्याआधीच्या मिरजेत नॅरोगेज दाखवता येत नाही, आणि तिन्ही गेज एका आवारात दाखवायची तर ब्रॉडगेज येईपर्यंत थांबावं लागतं. बार्शी लाइटच्या वाघिणींचं मात्र मॉडेलवाल्यांना सुख आहे. तिचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा जाहिरातबाज इंजिनिअर. कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार नको हे त्याचं तत्त्व, आणि दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या त्याच्या वाघिणी भारतात येण्याआधी इंग्लंडात लीड्सजवळ चाचणीला धावल्या, लोकांना बोलावून दाखवल्या गेल्या. त्यामुळं त्यांची चित्रं, मापं, वर्णनं छापली गेली. आमच्या कोल्हापूर फाट्यावरच्या साध्या चारचाकी वाघिणीला असा कुणी भाट मिळाला नाही.

अमेरिकेत मॉडेलवाले एकेका वाघिणीच्या ब्रेकच्या सांगाड्यावरून वर्षं पकडतात. त्यांच्याकडं कारखान्यांचे बिल्डर फोटो आहेत, नकाशे आहेत, हौशींनी छापलेले जाडजूड ग्रंथ आहेत. आपल्याकडं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि म्हैसूरला इंजिनं मोठ्या मानानं उभी आहेत, राजेरजवाड्यांचे डबे आहेत. पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998पासून मुलांची गर्दी खेचतं. बंद वाघिणीसाठी मात्र कुणी रांग लावत नाही. तिच्यातून गूळ गेला, धान्य आलं, शाहूपुरी आणि 1917मध्ये वसवलेलं जयसिंगपूर उभं राहिलं, आणि मीटरगेज संपलं तशी ती भंगारात गेली.

तरी पुरावे संपलेले नाहीत. ते घराघरांतल्या अल्बममध्ये आहेत. लग्नाचं वऱ्हाड स्टेशनात उभं, पाहुण्यांना निरोप, बदलीवर निघालेले मास्तर हार घालून, आणि मागं, कुणाचंच लक्ष नसलेली, एक वाघीण. 1943 ते 48 या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. तिथून परत गेलेल्या कुटुंबांकडंही त्या काळचे फोटो आहेत, आणि वळिवडे तर याच लाइनवरचं स्टेशन. अशा फोटोंत मला नवरदेव नको, त्याच्या फेट्यामागचं अक्षर हवं असतं.

तेव्हा कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. 1971च्या आधीचा स्टेशनातला फोटो घरात असेल तर फ्रेमसाठी कडा कापू नका. मोबाइलवर कॉपी काढताना माणसांपुरता न घेता पूर्ण घ्या. मूळ फोटोच्या मागं पेन्सिलीनं स्टेशनाचं नाव आणि साल लिहा, साल आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. कुणाचं लग्न, कुणाची बदली एवढं कळलं तरी सालापर्यंत पोचता येतं.