भोंग्यापासून वांगणीपर्यंत

शहरात राहावे की उपनगरात, हा प्रश्न मध्यमवर्गीय माणूस वहीत दोन रकाने आखून सोडवतो. एका रकान्यात घरभाडे, दुसऱ्यात रेल्वेचा पास. एकीकडे कोंदट खोली, दुसरीकडे मोकळी हवा. ज्याच्यापुढे दोन्ही दारे उघडी आहेत त्याला ही वही पुरते. परंतु दलित कामगाराने मुंबईत कुठे राहावे, हे गेल्या सव्वाशे वर्षांत बहुधा दुसऱ्याच कुणीतरी ठरविले. आणि त्या निर्णयाची किंमत त्याने, त्याच्या घरातील बाईने आणि त्याच्या चळवळीने रोज मोजली. हा हिशेब केवळ रुपयांत मांडला तर अपुरा राहतो. तो तासांत मांडला पाहिजे.

प्रारंभ गावापासूनच केला पाहिजे. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर होता, हे आपण सारेच जाणतो. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू आपल्या लिखाणात फारशी येत नाही. राहायचे गावाबाहेर, पण हाक येताच गावात हजर व्हायचे! सांगावा पोचविणे, सरकारी माणसाबरोबर वाट चालणे, मेलेले ढोर ओढणे, या कामांना दिवस-रात्र नव्हती. म्हणजे अंतरही याच्याच वाट्याला, आणि वेळ मात्र याची नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोपर्यंत या चाकरीला कायद्याचाच आधार होता.

या पार्श्वभूमीवर मुंबईची गिरणी पाहिली पाहिजे. गिरणी काही दयाळू नव्हती. चांगल्या मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याने इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आपली माणसे मुख्यतः कमी मजुरीच्या रिंग खात्यात राबत होती. जात गिरणीच्या फाटकाबाहेर थांबली नव्हती, ती कामगाराबरोबर आत आली होती. तरीही भोंग्याने एक गोष्ट केली. त्याने दिवसाचे दोन तुकडे केले. एक तुकडा मालकाला विकलेला, दुसरा आपला स्वतःचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला स्वतःचा असा वेळच नव्हता, त्याच्या हाती प्रथमच एक संध्याकाळ आली.

त्या संध्याकाळचे आपण काय केले, हे चळवळीच्या इतिहासातच नमूद आहे. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेब स्वतः त्या काळी परळलाच, सुधार ट्रस्टच्या चाळीत राहत होते. नेता, अनुयायी, सभागृह आणि गिरणी ही सारी एकमेकांपासून पायी चालण्याच्या अंतरावर होती. पाळी सुटली की माणूस हातपाय धुऊन बैठकीला जाई, जलसा ऐकायला जाई, वाचनालयात वर्तमानपत्र वाचून घेई, आणि निजायच्या वेळी घरी परते. जाण्यायेण्याला पैसा लागत नसे. आपल्या चळवळीच्या उभारणीत त्यागाचा, विचाराचा, नेतृत्वाचा वाटा आपण नेहमी सांगतो; या चालण्याच्या अंतराचा वाटा सांगत नाही.

गिरणीजवळ राहणे ही कामगाराची हौस नव्हती. बदली कामगाराला रोज सकाळी फाटकावर उभे राहावे लागे. कायम कामगार गैरहजर असेल तरच याला काम. काम मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूस भाडे खर्चून लांबून कसा येणार? शिवाय पोट भरायला खानावळ जवळ, पगार होईपर्यंत उधारी देणारा वाणी जवळ, आजारपणात धावून येणारी गावकीची माणसे जवळ. ही उधारी आणि ही ओळख बिऱ्हाडाबरोबर गाडीत घालून नेता येत नाही. नव्या जागी नवा वाणी रोकडाच मागतो.

आता राज्यकर्त्यांनी काय केले ते पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. काही चाळी त्याने बांधल्या खऱ्या, परंतु दादर-माटुंग्याकडे ज्या मोकळ्या, हवेशीर वसाहती आखल्या त्या पांढरपेशांच्या झाल्या. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. पुढे उपनगरांतही जातीच्या आणि जमातीच्या नावाने अशा वसाहती वाढल्या. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९२८ साली कुलाबा ते बोरिवली. पांढरपेशाने उपनगर निवडले ते असे : मागे जलद गाडी, पुढे स्वजातीचा शेजार. जातीच्या भिंतीला सहकाराचा गिलावा देण्याची ही रीत अजून संपलेली नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका जमातीपुरते ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला.

श्रमिकांसाठी १९२० साली विकास खाते निघाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. झाल्या सुमारे सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील त्या बी.डी.डी. चाळी. खोली एकशे साठ चौरस फुटांची. गंमत अशी, की घरांची एवढी टंचाई असताना वरळीच्या चाळी कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणात रिकाम्या पडल्या! अडाणी मजुराला चांगल्या घराची किंमत नाही, असे साहेबाला वाटले असेल. खरे कारण साधे होते. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब पडे, जवळ बाजार नव्हता, ये-जा गैरसोयीची होती. कामगाराला अंतराचा हिशेब कळत होता, योजना आखणाऱ्याला कळत नव्हता. पुढे याच चाळी भरल्या आणि आंबेडकरी चळवळीचे किल्ले झाल्या. जानेवारी १९७४ च्या वरळीच्या दंगलीत दलित पँथरवर हल्ले झाले ते याच चाळींच्या परिसरात.

येथे कायद्याने दिलेल्या वेळेचाही विचार करू. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने कामाचा आठवडा ५४ तासांचा केला होता. १९४६ च्या दुरुस्तीने तो ४८ तासांवर आला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते ते बाबासाहेब. आठवड्याचे सहा तास कामगाराला परत मिळाले. त्याच वर्षी, १९४६ च्या जूनमध्ये, सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. कामाचे तास कमी करणे आणि मोकळ्या झालेल्या वेळात शिक्षण देणे, या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या.

स्वातंत्र्यानंतर शहराची हद्द वाढली. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली, दहिसर-मुलुंडपर्यंत. हद्दीबरोबर गावकूसही पुढे सरकले. देवनारला कचरा टाकणे १९२७ पासूनच चालू होते. १९७१ साली तेथे कत्तलखानाही आला. शहराला जे नकोसे, ते पूर्वेच्या टोकाला. आणि शहरातून हुसकलेली माणसेही तिकडेच. मानखुर्दची जनता कॉलनी आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, उठवून चित्ता कॅम्पला नेली गेली. त्या वस्तीत सर्व जातिधर्मांचे गरीब होते. परंतु मेलेले ढोर, कचरा आणि माणूस यांना एका दिशेला लोटण्याची ही रीत आपल्या ओळखीची नाही काय?

१९८१ च्या जुलैत फूटपाथवरच्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. कामाच्या जागेपासून लांब राहिल्यास जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च या माणसांना परवडणारा नसतो, म्हणून ते फूटपाथवर राहतात, हेही न्यायालयाने मान्य केले. आणि एवढे मान्य करून पावसाळ्यानंतर झोपड्या हलविण्यास मोकळीकही दिली! निदान मान्य, औषध नामंजूर.

एका वर्गाला मात्र हे शहर आवर्जून जवळ ठेवते. पहाटे हजेरी चौकीवर उभे राहावे लागणारा सफाई कामगार लांब राहून चालत नाही. म्हणून दादरच्या कासारवाडीसारख्या पालिकेच्या वसाहती भर शहरात आहेत. पण ती खोली नोकरीला बांधलेली. खोली टिकवायची तर मुलाने झाडू हाती घ्यायचा. वतनाची जमीन आणि वतनाची चाकरी यांचे जे नाते होते, तेच येथे खोली आणि झाडू यांचे झाले.

आता रोजच्या खर्चाकडे येऊ. लोकल गाडी स्वस्त आहे, हे खरे. दुसऱ्या वर्गाचा कमीत कमी दर पाच रुपये आणि महिन्याचा पास त्याहून सोयीचा. परंतु घर आणि स्टेशन यांच्यामध्येही रस्ता असतो. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिक्षाचे किमान भाडे सव्वीस झाले. खोली जितकी स्वस्त, तितकी ती स्टेशनापासून आत. घरभाड्यात वाचविलेला पैसा शेअर रिक्षात जातो, आणि रिक्षाचा पैसा वाचवायचा तर अर्धा-पाऊण तास पायपीट. या सगळ्याच्या शेवटी ती गर्दी. मुंबईच्या लोहमार्गांवर २०२३ साली अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, निदान चौघे दगावले. दारात लटकणे हा त्यांचा शौक नव्हता. लेटमार्क चुकवायचा होता.

घरकाम करणाऱ्या बाईचा हिशेब तर याहून कठीण. तिला चार घरची कामे मिळून एक पगार होतो. मधल्या वेळेत घरी येऊन पोराला जेवू घालायचे असते, पाणी भरायचे असते. घर दहा मैल लांब गेले की चारपैकी तीन कामे सुटतात. पुनर्वसनाच्या कागदावर मात्र कुटुंबाला पक्के घर मिळाल्याची नोंद होते. गेलेल्या कामाची नोंद कोणत्या रकान्यात होते?

उपनगराने आपल्याला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहरात पागडीला पैसा नसलेल्या अनेकांना तेथेच स्वतःच्या नावाची खोली मिळाली. तेथे विहारे उभी राहिली, वाचनालये निघाली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांना दहा माणसे बळी पडली. ती वस्ती उपनगरातलीच, आणि तिची अस्मिता कोणत्याही गिरणगावाहून उणी नव्हती. तेव्हा प्रश्न उपनगराला नावे ठेवण्याचा नाही. घर लांब गेले म्हणून वेळेचे काय झाले, हा प्रश्न आहे.

गिरणी कामगाराच्या गोष्टीचा शेवट त्याचे उत्तर देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप संपला नाही, गिरण्या संपल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग परवडणाऱ्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जागेपुरतीच उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. जमिनीवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. घरासाठी अर्ज केलेले कामगार व वारस दीड लाखांहून अधिक. त्यांच्यापुढे घरे ठेवली गेली ती शेलू आणि वांगणीची, मुंबईपासून पाऊणशे किलोमीटरहून लांब. तेथील घर नाकारले तर हक्कच संपेल, असे कलम २०२४ च्या शासननिर्णयात घातले होते. ९ जुलै २०२५ रोजी कामगार आझाद मैदानात उतरले, तेव्हा ते वगळण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले.

वांगणीहून मुंबईला दोन तास जायला, दोन तास यायला. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चोवीस तास. १९४६ साली कायद्याने जे सहा तास दिले, त्याच्या चौपट रेल्वेच्या डब्यात काढून घेतले जातात, आणि त्याची मजुरी कुणी देत नाही. घरातून निघणे अंधारात, परतणे अंधारात. अशा माणसाला आपण बैठकीला बोलावतो, आणि तो आला नाही की म्हणतो, नव्या पिढीत चळवळीची तळमळ उरली नाही! तळमळ असेलही. संध्याकाळ नाही.

वरळीला याच्या उलट घडले. तेथील चाळकरी जागा सोडून लांब गेले नाहीत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना त्याच जागी पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मनोऱ्याचा देखभाल खर्च पुढे पेलवेल की नाही, ही चिंता खरी आहे आणि त्यासाठी पुन्हा संघटित व्हावे लागेल. पण एकदा रिकाम्या पडलेल्या त्याच चाळींत माणसे ठाम राहिली म्हणून हे घडले, एवढे तरी त्यातून शिकता येते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक सूचना. घरांच्या मागणीच्या निवेदनात चौरस फुटांबरोबर मिनिटेही लिहा. कामाच्या जागेपर्यंत किती वेळ, स्टेशनापर्यंत किती भाडे, बाईची किती कामे सुटणार, मुलाची शाळा किती लांब, याचा तक्ता वस्तीवस्तीत विद्यार्थ्यांकडून भरून घ्या. आणि आपल्या बैठका दादर-परळलाच भरल्या पाहिजेत हा आग्रह सोडून त्या बदलापूरला, दिव्याला, मानखुर्दला न्या. माणूस सभेपर्यंत पोचत नसेल तर सभेने त्याच्या स्टेशनावर उतरावे. गावकूस ओलांडून आपण शहरात आलो ते नुसत्या छपरासाठी आलो नाही. आपला वेळ आपला असावा म्हणून आलो.