फणीपुराण

शाळेत असताना 'मुंगीपासून आपण काय शिकतो' या विषयावर मी तीनदा निबंध लिहिला, 'मधमाशीचं आत्मवृत्त' दोनदा लिहिलं. उवेवर मात्र एकदाही नाही. वास्तविक मुंगी आपल्याला भिंतीवर भेटते, मधमाशीला आपण लांबूनच नमस्कार करतो. ऊ मात्र हजारो वर्षं आपल्या डोक्यावर बिऱ्हाड करून आहे. भाडं देत नाही, वर मालकाचंच रक्त पिते. (जुन्या चाळींतल्या भाडेकरूंनी हे मनाला लावून घेऊ नये.) इतक्या जुन्या कुळाला इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात एक ओळसुद्धा नसावी? म्हणून हे काम शेवटी वाणिज्य शाखेच्या एका पदवीधराच्या टेबलावर आलं. आमच्या बँकेतही असंच होतं. ज्या कागदाचं खातं सापडत नाही, तो फिरत फिरत माझ्याकडे येतो.

तर कुळाची प्राचीनता बघा. ब्राझीलमध्ये सापडलेल्या माणसाच्या केसाला चिकटलेली लीख सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची निघाली. त्याहीपूर्वी या घराण्यात वाटण्या झाल्या होत्या. माणूस कपडे घालू लागल्यावर एक शाखा डोक्यावरून उतरून कपड्यांच्या शिवणीत राहायला गेली. ही वाटणी कधी झाली याचा हिशोब शास्त्रज्ञांनी २०११ साली मांडला, तो ८३ हजार ते १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा आला. माणूस कपडे कधीपासून घालतो याची नोंद माणसाकडे नाही, ती उवांच्या वंशावळीत मिळते! टायफसचा ताप पसरवते ती कपड्यांतली शाखा. शार्ल निकोल यांनी १९०९ साली हे दाखवलं आणि १९२८ साली त्यांना नोबेल मिळालं. डोक्यातली ऊ खाज आणते, झोप मोडते; टायफसच्या साथी तिनं आणलेल्या नाहीत. पण भावानं कर्ज बुडवलं की गावात सगळ्या घराण्याचं नाव जातं, तसं तिचं झालं.

आपल्याकडे तिला एके काळी मान होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोजमापाचं कोष्टक आहे. आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव, आठ जवांचं एक अंगुळ. म्हणजे एका अंगुळाला ६४ उवा आणि ५१२ लिखा. हे कोष्टक मी दोनदा पडताळून पाहिलं, बरोबर आहे. ज्या राज्याचा कारभारी लीख हे मापाचं एकक धरतो, त्या राज्यात ती बघायला लांब जावं लागत नसणार. पंचतंत्रात तर मंदविसर्पिणी नावाची ऊ थेट राजाच्या पलंगात राहते. पुढे एका ढेकणाला आसरा दिल्यामुळे तिचा जीव जातो. जामीन राहणाऱ्यांनी ती गोष्ट जरूर वाचावी.

आता फणीकडे येऊ. इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन शहराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली. लांबी साडेतीन सेंटिमीटर, रुंदी अडीच. एका बाजूला गुंता सोडवायला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात. म्हणजे थेट आपली फणी! तिच्यावर काहीतरी कोरलेलं आहे हे २०२१ पर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग फोटो मोठा करून पाहताना सतरा बारीक अक्षरं दिसली, ती २०२२ साली वाचून जाहीर झाली. ज्या वर्णमालेतून पुढे ग्रीक आणि रोमन लिप्या निघाल्या, तिच्यात लिहिलेलं सगळ्यांत जुनं अखंड वाक्य हेच, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचं. त्यात राजाची बिरुदं नाहीत, देवाची स्तुती नाही. या दातानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा समूळ जावोत, एवढीच इच्छा आहे. अक्षरओळख होताच माणसानं पहिली तक्रार उवांबद्दल केली! आणि दुसऱ्या दातात एका पिल्लाचं टरफलही सापडलं, म्हणजे फलश्रुतीचा पुरावा जोडलेला. त्या भागात हत्ती नव्हते, हस्तिदंत बाहेरून आणलेला, महागडा. तेव्हा गरिबांच्या डोक्यातच उवा होतात असं म्हणणाऱ्यांनी ही फणी एकदा बघावी.

फ्रान्सच्या दक्षिणेला मोंतायू नावाचं डोंगरातलं गाव आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला एका बिशपानं तिथल्या पाखंडी लोकांची कसून चौकशी केली आणि सगळ्या जबान्या लिहून ठेवल्या. पुढे हे बिशप पोप झाले. त्या दप्तरावरून ल रॉय लादुरी या इतिहासकारांनी १९७५ साली ग्रंथ लिहिला. त्यात दिसतं की गावातल्या बाया उन्हात, घरांच्या सपाट छपरांवर बसून एकमेकींच्या उवा वेचत आणि गावभरच्या गप्पा मारत. खुद्द गावचे पाद्रीबुवा एका मानिनीकडून उवा काढून घेत, हेही दप्तरी दाखल आहे. डच चित्रकार टेर बोर्खनं १६५२च्या सुमारास मुलाचं डोकं विंचरणारी आई रंगवली, ते चित्र हेग शहरात टांगलेलं आहे. ठिकाण कुठलंही असो, पुढे एक डोकं आणि मागे बाईचे दोन हात, हा देखावा बदललेला नाही.

बदलला तो विसाव्या शतकात. पॉल म्युलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. १९४३-४४च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात दहा लाखांवर माणसांवर ही पावडर फवारून टायफसची साथ थोपवली. फणीचे दिवस संपले असंच वाटलं. पण १९५१ साली, कोरियाच्या युद्धात, उवा पावडरीला दाद देईनात. नंतरच्या औषधांचंही तेच झालं. पहिल्या नोटिशीला थकबाकीदार घाबरतो. पाचवीत तो भजी बांधून नेतो. तशीच ही गत.

मग अमेरिकेतल्या युटा राज्यात गंमत झाली. डेल क्लेटन हे पक्ष्यांच्या उवांचे अभ्यासक इंग्लंडहून तिथे आले आणि त्यांच्या पाळलेल्या उवा मरायला लागल्या. कारण काय, तर तिथली कोरडी हवा. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. यांनी गरम वारा सोडणारं यंत्र काढलं. अर्ध्या तासात जवळजवळ सगळी अंडी आणि बहुतेक उवा वाळून जातात, असा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. (घरच्या हेअर ड्रायरनं हा प्रयोग करू नये. तो जास्त तापतो, वारा मात्र कमी देतो.) आज तिकडे निव्वळ उवा काढून देणारी दुकानं आहेत. औषध नाही, रसायन नाही. मऊ खुर्ची, गरम वारा आणि मागे फणी घेतलेली बाई. माझी मेहुणी दोन्ही मुलींना तिथे घेऊन गेली होती. बिलाचा आकडा तिनं फोनवर सांगितला तेव्हा मी सवयीनं त्याचे रुपये केले. माझ्या आजीनं उभ्या आयुष्यात विंचरलेली डोकी त्या दरानं मोजली, तर आमचा वाडा गेला नसता.

पण पैसे खर्चायचे नसतील तर नुसती फणीही पुरते, तारखा मात्र पाळाव्या लागतात. ऊ रोज सहा ते आठ अंडी केसाच्या मुळाशी चिकटवते. ही मुदत ठेव सात ते दहा दिवसांत पिकते, आणि पिल्लाला स्वतःची खाती उघडायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. तेवढ्यात त्याला पकडलं की चक्रवाढ थांबली. म्हणून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं ओले केस विंचरायचे दिवसच आखून दिले आहेत: पहिला, पाचवा, नववा, तेरावा, आणि सतराव्या दिवशी तपासणी.

आमच्या घरी हे काम माझ्याकडे आलं. "अहो, तुम्हीच बसा मागे. नोटा मोजून तुमचा हात बसलाय," असं हिनं फर्मावलं. समोर बसवून विचारलं तर आमची कन्या 'काही नाही' यापलीकडे बोलत नाही. पाठमोरी बसली, फणी फिरू लागली, आणि मोंतायूच्या छपरावर आल्यासारखी बोलायला लागली. पाचव्या दिवशी मैत्रिणींची भांडणं झाली. नवव्या दिवशी ती हळूच म्हणाली, "बाबा, माझ्या शेजारी कुणी डबा खायला बसत नाही. बाईंनी मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय."

माझा हात थांबला. ऊ उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं तरच जाते. स्वच्छ केसांतही तितक्याच सुखानं राहते. एवढ्यासाठी मूल शाळेपासून दूर ठेवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं सांगते आहे. पण लाज ऊपेक्षा जलद पसरते. या लाजेपायी आपल्याकडे पोरींच्या डोक्यावर रॉकेल ओतलं गेलं, सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत जाऊन डोळे सुजले, गुडघ्याएवढ्या वेण्या कापल्या गेल्या. उवेनं स्वतः कुणाचं एवढं नुकसान केल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसऱ्या दिवशी ही शाळेत जाऊन बाईंशी बोलली. काय बोलली ते विचारायचं धाडस मी केलं नाही, पण मुलगी आपल्या जागेवर परत आली. तेराव्या दिवशी तीन उवा निघाल्या, सतराव्या दिवशी शिल्लक शून्य. खातं बंद. तरी अठराव्या दिवशी कन्या स्वतःहून फणी आणि तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे पाठमोरी बसली. वर्गातली एक मोठी भानगड तिला सांगायची होती.

देवीची ओटी भरताना आरसा, बांगड्या, करंडा यांच्यासोबत एक छोटीशी काळी फणी ठेवतात. आरसा-बांगड्यांचं कारण मला कळत होतं, फणीचं आता कळलं. देवी झाली तरी तिच्या मागे बसून कुणीतरी विचारपूस करायला हवीच की!