परळीचा कापूस, ओसाकाच्या गिरण्या आणि सिमल्याचे टेबल : भारत-जपान व्यापाराची विस्मृत कथा (थ्रेड)

१/ सन १९३३ चा पावसाळा. परळी वैजनाथच्या काळ्या रानात कापसाची पेरणी चालू होती, आणि त्याच सुमारास हजारो मैल दूर जपानमधील सूतगिरण्यांच्या संघाने एक ठराव केला : हिंदुस्थानचा कापूस विकत घ्यायचा नाही. बालाघाटाच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला ओसाका हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दसऱ्यानंतर वेचून आणलेल्या कापसाला काय भाव मिळणार, हे मात्र तेथेच ठरत होते.

२/ भारत आणि जपान यांच्या आर्थिक संबंधांविषयी आज बोलताना मोटारी, मेट्रो आणि बुलेट ट्रेन आठवतात. या संबंधांचा पाया मात्र कापसाच्या गाठीवर रचला गेला. त्यातील मोठा वाटा वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीचा होता.

३/ आधी परळीचे स्थान पाहू. ज्योतिर्लिंगामुळे हे गाव सर्वांना परिचित आहे, मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला हेही परिचित आहे. पण १९४८ पर्यंत परळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. संस्थानाला स्वतःचे चलन होते, स्वतःची जकात होती. नव्हते ते फक्त बंदर. मराठवाड्याच्या कापसाला परदेशी जायचे तर ब्रिटिश मुलखातून मुंबई गाठण्यावाचून मार्ग नव्हता.

४/ रस्ताही सोपा नव्हता. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली आणि परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे मुंबईशी जोडली गेली. दक्षिणेला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. परळी या दोहोंच्या साधारण मधोमध, म्हणजे दोन्हीकडे बैलगाडीचा दीर्घ प्रवास. निजाम रेल्वेचे रूळ परळीत येण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

५/ मुंबईच्या बाजारात मराठवाड्याच्या मालाला दोन ओळखी होत्या. बीडकडचा कापूस ‘बार्शी-नगर’ या नावाखाली जाई, तर नांदेड-परभणीचा ‘गावरानी’ म्हणून. परळी या दोन पट्ट्यांच्या सीमेवर. गावरानी देशी जातींत चांगल्या धाग्याचा मानला जाई. पण परदेशी खरेदीदाराच्या लेखी हे सगळे एकाच मोठ्या नावात मोडत असे : ‘उमरा’. हे उमरा म्हणजे अमरावतीच्या जुन्या नावाचा, उमरावतीचा, इंग्रजी व्यापाऱ्यांनी केलेला संक्षेप.

६/ उमरा कापसाचा दोष एकच, धागा आखूड. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या लांब धाग्यावर पोसलेल्या. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांनी नाइलाजाने हिंदुस्थानी कापूस घेतला, भाव आकाशाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच लँकेशायर पुन्हा अमेरिकेकडे वळले आणि तो पूर ओसरला.

७/ या आखूड धाग्याला खरा ग्राहक मिळाला तो जपानमध्ये. १८८३ मध्ये शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ओसाका सूतगिरणीने साडेदहा हजार चात्यांनिशी काम सुरू केले. जपानी तंत्रज्ञांनी स्वस्त हिंदुस्थानी कापूस आणि महाग अमेरिकन कापूस यांचे मिश्रण करून सूत काढण्याची कला कमालीची विकसित केली. इंग्रज गिरणीला जो माल हिणकस वाटे, तोच जपानी गिरणीच्या नफ्याचे मूळ ठरला.

८/ अडचण जहाजांची होती. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या मालवाहतुकीवर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची पकड होती आणि भाडे तीच ठरवी. १८९३ मध्ये जमशेदजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीची कोबे-मुंबई वाहतूक सुरू झाली. पहिले जहाज ‘हिरोशिमा मारू’. (याच प्रवासात योकोहामाहून व्हँकूव्हरला जाताना जमशेदजी आणि स्वामी विवेकानंद एकाच जहाजावर होते. ही हकिकत अनेकांना माहीत असते. त्या प्रवासामागचा कापूस सहसा कोणी सांगत नाही.)

९/ पी अँड ओने उत्तर दिले ते दरयुद्धाने. टनामागचे भाडे पूर्वीच्या दहाव्या हिश्शाच्याही खाली, दीड रुपयापर्यंत उतरवले. टाटांनी स्वतः भाड्याने घेऊन चालवलेली जहाजे या माऱ्यापुढे टिकली नाहीत. जपानी कंपनी मात्र टिकली. कारण जपानच्या गिरण्यांनी संघ करून ठरवले होते की भाडे जास्त पडले तरी माल आपल्याच जहाजाने आणायचा. मुंबईचे गिरणीमालक असा निश्चय करू शकले नाहीत. प्रत्येकाने स्वस्त भाड्याची जहाजे पाहिली.

१०/ याच टप्प्यावर जपानी सरकारनेही हात दिला. १८९४ मध्ये सुतावरील निर्यातकर रद्द, १८९६ मध्ये कच्च्या कापसावरील आयातकर रद्द. मुंबईच्या गिरण्यांची खरी कमाई चीनला सूत विकण्यात होती. काही वर्षांतच ती बाजारपेठ जपानने हिसकावली. गंमत अशी की मुंबईच्या सुताला चीनमधून हुसकावणाऱ्या जपानी सुतात दख्खनचाच कापूस होता.

११/ येथून एक पेच सुरू होतो, आणि पुढची चाळीस वर्षे तो सुटत नाही. मुंबईच्या गिरणीला जपान हा शत्रू. कापूस पिकवणाऱ्याला जपान हा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. दोघेही याच देशातले, बहुधा एकच भाषा बोलणारे. गिरणगावातील कामगार आणि त्याचा गावाकडे शेती करणारा भाऊ यांचे हितसंबंध या प्रश्नावर परस्परांच्या विरुद्ध होते, ही गोष्ट त्या काळच्या राष्ट्रीय भाषणांत फारशी उमटत नाही.

१२/ १९२० नंतर जपानच्या मोठ्या कापूस कंपन्या, तोयो मेंका, निहोन मेंका, गोशो, थेट उत्पादक मुलखात उतरल्या. रॅली, फोल्कार्ट या युरोपीय पेढ्यांच्या जोडीने त्यांचे खरेदीदार जिन-प्रेसच्या गावांत दिसू लागले. हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या कच्च्या कापसापैकी निम्म्याच्या आसपास भाग जपानला जाऊ लागला.

१३/ मोंढ्यात भाव कसा ठरे? शेतकरी कापूस गाडीत घालून आणी. आडत्या मुंबईच्या तारेवर नजर ठेवून बोली लावी. मुंबईचा भाव न्यूयॉर्क, लिव्हरपूल आणि ओसाका येथील भावांवर हेलकावे खाई. शिवाय मराठवाड्यात एक जादा वळण होते : बंदराचा हिशेब ब्रिटिश ‘कलदार’ रुपयात आणि शेतकऱ्याच्या हातात निजामाचा ‘हाली सिक्का’. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा साधारण दर. संस्थानाची करोडगिरी, म्हणजे जकात, ती वेगळीच.

१४/ १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि शेतमालाचे भाव कोसळले. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडले. येनची किंमत झपाट्याने घसरली आणि जपानी कापड हिंदुस्थानच्या बाजारात इतके स्वस्त झाले की मँचेस्टर आणि मुंबई दोघेही हादरले. १९३३ मध्ये सुती कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनला मागे टाकले. एक आठवण येथे नोंदवण्याजोगी : १९२९ मध्येच टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले होते. गुरूने शिष्याकडून यंत्र घेण्याची वेळ आली होती.

१५/ हिंदुस्थान सरकारने करांची भिंत उंचावली. ब्रिटिशेतर सुती कापडावरील कर ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के, जून १९३३ मध्ये ७५ टक्के. ब्रिटिश कापडावर मात्र २५ टक्केच. शिवाय १९०४ चा भारत-जपान व्यापारी करार सहा महिन्यांच्या सूचनेने संपवण्याचे एप्रिल १९३३ मध्येच जाहीर झाले होते. ‘संरक्षण’ मुंबईच्या गिरण्यांना, असे म्हटले गेले. पण करातील ही तफावत पाहिली की लँकेशायरची सोय लपत नाही.

१६/ जपानी गिरणीसंघाने जूनमध्ये बहिष्काराने उत्तर दिले. वेळ अचूक साधली होती. पेरणीचे दिवस होते, पीक बदलण्याची संधी निसटत चाललेली, आणि माल बाजारात येण्याच्या सुमारास सर्वांत मोठा गिऱ्हाईक गैरहजर असणार. कर मुंबईसाठी लावला गेला, किंमत मोंढ्यात मोजली जाणार होती.

१७/ सप्टेंबर १९३३ मध्ये सिमल्यात वाटाघाटी सुरू झाल्या, पुढे त्या दिल्लीला हलल्या. हिंदुस्थान सरकारच्या बाजूने व्यापारखात्याचे सदस्य सर जोसेफ भोर, जपानच्या बाजूने सेत्सुझो सावादा. याच काळात, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीज यांच्यात वेगळा समझोता झाला. मुंबईने लँकेशायरशी जुळवून घेतले म्हणून राष्ट्रीय विचाराच्या वर्तुळांत त्यावर कडाडून टीका झाली.

१८/ सिमल्याच्या टेबलाशी गिरण्या होत्या, व्यापारी होते, दोन सरकारे होती. मराठवाड्याचा शेतकरी तेथे दुहेरी अनुपस्थित होता : शेतकरी म्हणून, आणि संस्थानी प्रजा म्हणून. दिल्लीच्या कायदेमंडळात निदान पंजाब-वऱ्हाडच्या कापसाविषयी प्रश्न विचारले जात. परळी-गेवराईच्या कापसाबद्दल विचारणारा सदस्यच त्या सभागृहात असू शकत नव्हता.

१९/ जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला, बहिष्कार उठला. जुलै १९३४ मध्ये लंडनला करारावर सह्या झाल्या. त्याचा गाभा विलक्षण आहे. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. त्यापुढे नाही. जपानी कापडावरील कर ५० टक्क्यांवर आणला गेला.

२०/ हिशेब मांडून पाहावा. वरच्या पाच लाख गाठींवर साडेसात कोटी वार, म्हणजे एका जादा गाठीमागे दीडशे वार. सुमारे चारशे पौंडांच्या एका गाठीच्या बदल्यात सोळा नऊवारी लुगडी होतील इतके कापड! त्याच गाठीच्या रुईतून याच्या कितीतरी पट कापड विणता येई. तो फरक जपानी गिरणीचा. तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीने हा करार हिताचाच म्हणावा लागतो. खरेदीची किमान पातळी प्रथमच दोन देशांच्या करारात लिहिली गेली होती, आणि लगतच्या वर्षांत जपानची खरेदी १० लाखांच्या बरीच वर राहिली.

२१/ कच्चा माल द्या, पक्का माल घ्या : वसाहतवादी व्यापाराचे हेच सूत्र दादाभाई आणि रानडे यांनी एकोणिसाव्या शतकात उलगडून दाखवले होते. १९३४ मध्ये ते ब्रिटनऐवजी एका आशियाई देशाशी, कोष्टकात बसवून, वारांत आणि गाठींत मांडले गेले. म्हणून या कराराला निव्वळ शेतकऱ्यांचा विजय म्हणणे घाईचे ठरेल. मंदीच्या वर्षी मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला मात्र या सूत्राहून गिऱ्हाईक महत्त्वाचा होता.

२२/ १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाल्यावर कापडाचे आकडे घटवून करार पुढे चालू ठेवण्यात आला. त्याच वर्षी जपानचे चीनशी युद्ध पेटले. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्यभर जपानी मालमत्ता गोठवली गेली, व्यापार थांबला. डिसेंबरमध्ये दोन्ही देश शत्रूराष्ट्रे झाले.

२३/ आखूड धाग्याचा कापूस एका झटक्यात अनाथ झाला. जानेवारी १९४२ मध्ये सरकारने आयात कापसावर पौंडामागे एक आणा जादा कर बसवला आणि त्या निधीतून आखूड धाग्याच्या कापसाखालील जमीन धान्याकडे वळवण्यास उत्तेजन दिले. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम याच वर्षीची. ज्या पिकासाठी नऊ वर्षांपूर्वी दोन सरकारे चार महिने वाटाघाटी करीत बसली होती, ते आता कमी लावा असे सांगितले जात होते.

२४/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि परळी भारतात आली. भारताने १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला जाणे टाळले आणि ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र शांतता करार केला. तोपर्यंत व्यापाराचा नकाशा पालटला होता. फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा मुलूख पाकिस्तानात गेल्याने भारतच बाहेरून कापूस आणत होता, आणि जपानच्या पोलाद कारखान्यांना हवे होते लोहखनिज, जे तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यातून मुरगाव बंदरामार्गे जाऊ लागले होते.