जहाज पुन्हा सोडायचे कधी?

साथ आली की बंदरे बंद होतात. तो हुकूम काढायला फार विचार करावा लागत नाही. खरा अवघड प्रश्न नंतर येतो. बंद केलेले बंदर पुन्हा उघडायचे कधी, कोणत्या अटींवर, आणि ते ठरवायचे कोणी? शाळेत साथीच्या रोगांचा इतिहास शिकवताना आपण बहुधा जंतूंच्या शोधांचा इतिहास सांगतो. कॉख, यर्सिन, हाफकिन ही नावे मुलांना ठाऊक असतात. नियम कसे ठरले आणि त्यावरून वाद का झाले, हा भाग मात्र मागे राहतो. २०२० ते २०२२ या काळात कोविडच्या साथीत पर्यटन-जहाजांविषयी असाच एक वाद झाला. त्याची मुळे सहाशे वर्षांहून जुनी आहेत, म्हणून आपण तेथूनच सुरुवात करू.

चाळीस दिवसांचा नियम

रागुसा म्हणजे आज क्रोएशियात असलेले दुब्रोव्हनिक. या व्यापारी नगरराज्याने २७ जुलै १३७७ रोजी एक कायदा केला. प्लेग असलेल्या मुलखातून येणाऱ्याने एक महिना जवळच्या म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी काढावा, मगच शहरात यावे, असा तो नियम होता. पुढे या महिन्याचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. त्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला. व्हेनिसने १४२३ मध्ये यासाठी एका बेटावर कायमचे रुग्णालयच उभारले.

चाळीसच दिवस का? ख्रिस्ती परंपरेत या अंकाला महत्त्व आहे. रोगाच्या अभ्यासातून तो आलेला नव्हता. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. गाठींच्या प्लेगमध्ये हा काळ साधारण आठवड्याच्या आतलाच असतो. हे त्या काळी कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. कारण माहीत नसेल तेव्हा माणूस सुरक्षिततेसाठी मोठा आकडा घेतो. त्यात चूक काही नाही. पण अशा नियमात एक अडचण असते. तो केवळ दिवस मोजतो, त्यामुळे तो सैल करावा की आणखी कडक करावा, हे ठरवायला हाती काहीच आधार नसतो.

डॉक्टर आणि मुत्सद्दी

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, प्रवास जलद झाला आणि पटकीही जलद पसरू लागली. प्रत्येक बंदराचे नियम वेगळे होते. जहाजे खोळंबत, माल सडत असे. यातून मार्ग काढण्यासाठी १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा देश आले होते. प्रत्येक देशाने दोन प्रतिनिधी पाठवले होते, एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. ही जोडीच बोलकी आहे. नियम ठरवताना रोगाचा विचार लागतो आणि राज्याच्या हिताचाही, हे आयोजकांनी उघडपणे मान्य केले होते.

परिषद सहा महिने चालली. ज्यांचा व्यापार समुद्रावर अवलंबून होता त्या ब्रिटिशांना विलगवास सैल हवा होता. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांच्या पहिल्या माऱ्यात असलेल्या भूमध्य समुद्रावरच्या देशांना तो कडक हवा होता. पटकी माणसाकडून माणसाकडे जाते की दूषित हवेतून उद्भवते, यावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते. त्यामुळे प्रत्येक देश आपल्या सोयीचा सिद्धांत पुढे करू शकत होता. मसुदा तयार झाला, पण फारच थोड्या देशांनी तो स्वीकारला. प्रत्यक्षात टिकलेला करार व्हायला १८९२ साल उजाडले. व्हेनिसला झालेल्या त्या करारात सुएझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजांची निर्दोष, संशयित आणि संसर्गित अशी वर्गवारी केली होती. दिवस मोजण्याऐवजी जहाजाची स्थिती पाहण्याकडे टाकलेले हे मोठे पाऊल होते.

मुंबईची साथ

पाच वर्षांतच या व्यवस्थेची परीक्षा झाली, आणि ती मुंबईमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजाची युरोपला धास्ती वाटू लागली आणि १८९७ मध्ये व्हेनिसला पुन्हा परिषद भरली, या वेळी प्लेगसाठी. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला हिंदुस्थान सरकारने साथरोग कायदा केला. जहाजे तपासण्याचा आणि अडवून ठेवण्याचा अधिकार त्यात होता. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने राज्यांना वापरण्यास सांगितलेला कायदा हाच.

मुंबईहून जाणारी हज यात्रा त्या वर्षी बंद करण्यात आली. एरवीही यात्रेकरूंच्या जहाजांसाठी वेगळे आणि अधिक कडक नियम होते. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून ठेवले जाई, आणि त्याचे शुल्कही त्यांनाच द्यावे लागे. नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिनने शोधला होता. तो उंदरावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो, हे मात्र पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. म्हणजे १८९७ चे नियम झाले तेव्हा जंतू माहीत होता, वाट माहीत नव्हती. माणसांना जहाजावर रोखून धरले तरी उंदीर दोरावरून धक्क्यावर उतरू शकत होते.

योकोहामाचे जहाज

आता सव्वाशे वर्षे पुढे येऊ. ‘डायमंड प्रिन्सेस’ हे पर्यटन-जहाज ३ फेब्रुवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा बंदरात आले. हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशाला कोविड झाल्याचे तोवर कळले होते. जहाजावर ३,७११ माणसे होती. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहण्यास सांगण्यात आले. मुदत १४ दिवसांची होती. हा आकडा चाळीससारखा परंपरेतून आलेला नव्हता, तो या रोगाच्या अधिशयन काळावरून घेतला होता.

तरीही शेवटी ७१२ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. चाचणीच्या वेळी त्यांतील सुमारे निम्म्यांना कोणतीही लक्षणे नव्हती. ताप मोजून हा रोग पकडता येणार नाही, हे जगाला बऱ्याच अंशी या जहाजाने शिकवले. दुसरी गोष्ट कर्मचाऱ्यांची. प्रवासी खोलीत बंद होते, पण त्यांना जेवण पोहोचवणारे कर्मचारी काम करतच होते. ते एकत्र जेवत होते आणि लहान खोल्यांत दोघे-तिघे राहत होते. विलगवास वरच्या मजल्यांवर होता, खाली नव्हता. या जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारीच होते.

पुढच्या महिन्यात सिडनीला उलटी चूक झाली. १९ मार्च २०२० रोजी ‘रुबी प्रिन्सेस’ जहाजातून सुमारे २,७०० प्रवाशांना चाचण्यांच्या निकालाची वाट न पाहता उतरू देण्यात आले. त्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाने आरोग्य खात्याच्या चुका गंभीर असल्याचे नमूद केले. या जहाजाशी निगडित २८ मृत्यू नोंदले गेले.

पुन्हा निघण्याच्या अटी

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने १४ मार्च २०२० रोजी प्रवासी जहाजे न सोडण्याचा हुकूम काढला आणि त्याची मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवत नेली. मधल्या काळात केंद्राने लोकांची मते मागवली. सुमारे १३ हजार उत्तरे आली आणि त्यांतील बहुसंख्य जहाजे सुरू करण्याच्या बाजूची होती. दोन मोठ्या जहाज कंपन्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने सप्टेंबरमध्ये ७४ शिफारशी केल्या. एका बाजूला कंपन्या आणि बंदरांवर पोट असलेले कामगार होते, दुसऱ्या बाजूला रुग्णालयांतील खाटा मोजणारे डॉक्टर होते. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

युरोपातून दोन उदाहरणे समोर आली होती. जुलै २०२० मध्ये नॉर्वेत ‘रोआल्ड आमुंडसेन’ जहाजावर कर्मचाऱ्यांत संसर्ग आढळला. परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांना पुरेसे विलग ठेवले नव्हते आणि प्रवाशांना वेळेवर कळवलेही नव्हते. ऑगस्टमध्ये इटलीत जेनोव्हाहून ‘एमएससी ग्रांदिओझा’ निघाले. तेथे चढण्यापूर्वी प्रत्येकाची चाचणी होती आणि बंदरात उतरून फिरायचे ते जहाजाच्या गटातूनच. गट सोडून गेलेल्या एका कुटुंबाला परत चढू दिले नाही. ही जहाजमोठी चाचणी बऱ्यापैकी पार पडली.

अमेरिकेचा ३० ऑक्टोबर २०२० चा सशर्त हुकूम या अनुभवांनंतर आला. त्यात तारखेऐवजी पायऱ्या होत्या. आधी कर्मचाऱ्यांची चाचणी आणि सुरक्षा, जहाजावर प्रयोगशाळेची सोय, मग स्वयंसेवक प्रवासी घेऊन एक रंगीत तालीम, आणि तिचा अहवाल पाहून परवाना. प्रथमच खालच्या मजल्यापासून सुरुवात झाली होती. पुढे लसी आल्या. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने कळवले की, ९८ टक्के कर्मचारी आणि ९५ टक्के प्रवासी लस घेतलेले असतील, तर तालमीची गरज नाही. नवे ज्ञान आले की नियमाचा कोणता भाग बदलायचा, हे पायऱ्यांच्या नियमात सांगता येते. २६ जून २०२१ रोजी फ्लोरिडातील एका बंदरातून पहिले मोठे जहाज प्रवासी घेऊन निघाले.

अधिकार कोणाचा?

तोवर वाद न्यायालयात गेला होता. फ्लोरिडा राज्याचे म्हणणे असे की, केंद्राला असे हुकूम काढण्याचा अधिकारच नाही. केंद्राचा आधार होता १९४४ चा सार्वजनिक आरोग्य कायदा. त्यात तपासणी, धुरी देणे, जंतुनाशन, उपद्रवी प्राण्यांचा नायनाट असे उपाय नावानिशी दिले आहेत. ही भाषा उंदीर आणि पिसवा यांच्या काळातली! रंगीत तालमी घ्यायला लावण्याचा अधिकार तीत बसतो का? १८ जून २०२१ रोजी न्यायालयाने फ्लोरिडाच्या बाजूने अंतरिम निकाल दिला. पुढच्या महिन्यात फ्लोरिडापुरता तो हुकूम केवळ शिफारस म्हणून उरला. गंमत म्हणजे बऱ्याच कंपन्यांनी तो तरीही स्वखुशीने पाळला. त्याच सुमारास फ्लोरिडाने प्रवाशांकडे लसीचा पुरावा मागण्यास बंदी केली आणि एक जहाज कंपनीच राज्याविरुद्ध न्यायालयात गेली. जानेवारी २०२२ पासून केंद्राचे नियम सर्वत्र ऐच्छिक झाले आणि जुलै २०२२ मध्ये ही योजना बंद झाली.

या साऱ्या वादात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात. अमुक अटी पाळल्या तर किती जणांना संसर्ग होईल, हा पहिला प्रश्न. तो मोजण्याचा आहे आणि आम्हा संशोधकांनी त्याचे उत्तर दिले पाहिजे. तेवढा धोका पत्करावा की नाही आणि तो कोणाच्या वाट्याला येऊ द्यायचा, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. १८५१ मध्ये डॉक्टर आणि मुत्सद्दी शेजारी बसवले होते ते यासाठीच. त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या जागी बसून बोलू लागला की गोंधळ होतो.

मुरगावच्या धक्क्यावर

जानेवारी २०२२ मध्ये हा प्रश्न आपल्या दारातच आला. मुंबईहून गोव्याला गेलेल्या पर्यटन-जहाजावर एका कर्मचाऱ्याला संसर्ग असल्याचे आढळले. जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती. मुरगाव बंदरात चाचण्या झाल्या तेव्हा आणखी ६६ जण बाधित निघाले. प्रवाशांना उतरू देण्यात आले नाही आणि जहाज मुंबईला परतले. पर्यटन-जहाजांवर गोव्यातली, कोकणातली अनेक मुले नोकरी करतात. त्यामुळे ही बातमी तेथील कितीतरी घरांत वेगळ्या काळजीने वाचली गेली असणार.

ही घटना वर्गात चर्चेला घेता येईल. उतरू न देण्याचा निर्णय बरोबर होता का, असे मुलांना विचारले तर निम्मे हात वर होतील आणि चर्चा तिथेच थांबेल. त्याऐवजी हा नियम कशासाठी होता, ते विचारावे. संसर्ग गोव्यात शिरूच नये म्हणून, रुग्णालये भरू नयेत म्हणून, की जहाजावरच्यांना उपचार मिळावेत म्हणून? प्रत्येक हेतूला वेगळा नियम लागतो आणि तो पाळला गेला की नाही हे तपासायला वेगळा आकडा लागतो. मग उत्तरे देताना प्रवाशांबरोबर त्यांना जेवण वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही हिशेब मुलांनी धरला आहे का, तेवढे पाहावे.