उखळाभोवतीची मुले

चिलया बाळाची गोष्ट मराठी मुलखात बहुतेकांना ठाऊक असते, पण अथपासून इतिपर्यंत सांगा म्हटले की पुष्कळ जण उखळापाशी अडतात. श्रीयाळ राजा आणि चांगुणा राणी दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवत नाहीत. शंकर अघोऱ्याच्या वेषात येतो आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे मांस मागतो. आई मुलाला मारते, शिर तेवढे पाहण्यापुरते ठेवून घेते, आणि अतिथीला नेमके तेच हवे असते. ते उखळात घालून कांडायचे, कांडताना गाणे म्हणायचे आणि डोळ्यांतून टिपूस गाळायचे नाही, ही त्याची अट. सगळे झाल्यावर तो म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो.

दुसऱ्याच्या यातना टक लावून पाहायची चटक मुलांना मोबाइलने लावली, असे हल्ली वारंवार ऐकू येते. ते ऐकले की मला हे उखळ आठवते. पेण-रोह्याच्या पट्ट्यात, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत तिथे, ही गोष्ट मुलांपर्यंत अनेक वाटांनी पोचे. श्रावणात घरोघरी शिवलीलामृताची पोथी वाचली जाई, सप्त्यात हरदास उत्तररंगाला हे आख्यान लावी, आणि उरलेले काम आज्या करत.

गोष्ट मूळची आपल्याकडची नाही. तमिळ शैवांच्या परंपरेत सिरुत्तोंडर नावाचा भक्त आहे. तो पल्लवांच्या सैन्यात होता असे मानतात, आणि त्याच्या मुलाचे नाव सीराळन. बाराव्या शतकात सेक्किळाराने ‘पेरियपुराणम्’मध्ये ती कथा सांगितली. कन्नड आणि तेलुगू मुलखातही ती रुजली, आणि १७१८ मध्ये बारामतीत श्रीधरांनी शिवलीलामृत पुरे केले तेव्हा सीराळनचा चिलया झालेला होता. तमिळ कथेत उखळ नाही. तिथे दासीने डोके आधीच वेगळे शिजवून ठेवलेले असते. उखळाची भर वाटेत कुठेतरी पडली, आणि माझ्या मते गोष्टीतले सगळ्यांत पक्के बसणारे चित्र तेच.

त्याचे कारण सरळ आहे. हा भाताचा मुलूख. गिरणी येईपर्यंत घरोघर पडवीत कांडण चाले. रात्री ज्या उखळाची गोष्ट ऐकली, तेच उखळ सकाळी मुलाच्या समोर. माझे घर पेण तालुक्यातले आणि आजोळ रोह्याचे. दोन्हीकडे आम्ही मुले गोष्ट पुन्हा सांगायला लावत असू, ती भक्तीसाठी नव्हे. आम्हाला ते कांडणेच हवे असे. आजी घाईने पुढे गेली तर आम्ही तिला मागे आणत असू. हे लपवण्यात अर्थ नाही. जुन्या वाङ्मयातली क्रूरता पवित्र होती म्हणून मुले तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहत, ही समजूत मला भाबडी वाटते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला लिऑन्टियस वधस्तंभाजवळची प्रेते पाहू नयेत म्हणून स्वतःशी झगडतो आणि शेवटी डोळे फाडून पाहतोच. तो मोठा माणूस होता, आम्ही तर सात-आठ वर्षांचे.

पण त्या बैठकीत आणखी कोणी असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांतली सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत. प्लेग १८९६ पासून मुंबई इलाख्यात ठाण मांडून होता आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे रिकामी केली. कीर्तनाला बसलेल्या बायकांत मूल न गमावलेली विरळाच असणार. माझ्या आजीची माझ्या वडिलांआधीची दोन गेली. चांगुणेला रडायची बंदी आहे आणि ऐकणारीला मात्र मोकळीक आहे, ही या आख्यानाची सोय मला फार उशिरा दिसली. मांडीवरचे मूल एका कानाने उखळ ऐके, आणि वर पाहिले की आजीचा चेहरा दिसे. शिवाय चिलया आल्याशिवाय आजी उठत नसे. आम्ही पेंगलो तर हलवून जागे करी आणि हाकेपर्यंत नेई.

पुढची माध्यमेही बराच काळ याच चालीने गेली. १९१३ मध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा रोहिदासाचे काम त्यांच्या मुलाने, भालचंद्रने केले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त प्रभातने पुन्हा तीच कथा घेतली. सर्पदंश झालेला रोहिदास कथेच्या शेवटी उठतो. ही चाल मोडली साने गुरुजींनी. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत बहुतेक लिहून झालेली आणि १९३५ मध्ये छापलेली ‘श्यामची आई’ मुलांच्या हाती गेली, आणि तिच्यात आई जाते ती परत येत नाही. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तेच रडणे भरल्या थिएटरात आणले आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परत येणे गेले, तरी शेजारी रडणारे माणूस उरले होते. पुष्कळदा ती स्वतःची आईच असे.

तेही सुटू लागल्याची पहिली खूण मला एका गणेशोत्सवात दिसली. रोह्यातल्या एका मंडळाने चिलया बाळाचा हलता देखावा केला होता, पुतळे पेणहून आणलेले. मोटरवर चांगुणेचे मुसळ खालीवर होई. धावत येणारा चिलया मोटरला जमण्यासारखा नव्हता, म्हणून तो नव्हताच. दहा दिवस कांडणे चालू. बायका नमस्कार करून पुढे जात, आम्ही मुले मात्र दोरीला पोट टेकून उभी. कंटाळा येत नसे, कारण संपतच नव्हते. ‘चल’ म्हणणारेही कोणी नव्हते. टीव्ही आमच्या आळीत नंतर आला. मला वाटते त्याने काही नवे शिकवले नाही, फक्त त्या दोरीपलीकडची जागा घरात आणली.

मुंबई-गोवा महामार्ग पेण तालुक्यातून जातो. मागच्या पावसाळ्यात वडखळजवळच्या एका अपघाताची चित्रफीत माझ्या पुतण्याच्या फोनवर आली. अकरा वर्षांचा मुलगा. ती त्याने चार-पाचदा पाहिली, मग मला विचारले, “काका, तो माणूस वाचला का?” मी ज्याने पाठवली त्याला फोन केला. त्याला ती दुसऱ्या एका गटातून आली होती. त्या गटातल्या ओळखीच्या माणसाला विचारले, त्यालाही माहीत नव्हते. मी परत खोलीत गेलो तेव्हा पोराच्या हातात दुसरी चित्रफीत चालू होती.