मुलांच्या मृत्यूंचा ताळेबंद

हिशेब म्हटला कीं तो पैशाचाच, अशी आपली समजूत असते. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं एका भूल देणाऱ्या डॉक्टरानें निराळाच हिशेब मांडला. स्टीफन बोल्सिन हे १९८८ सालीं तेथील रॉयल इन्फर्मरींत रुजू झाले. जन्मजात हृदयदोष असलेल्या अर्भकांवरील शस्त्रक्रिया तेथें फार लांबत आणि मुलें दगावत. बोल्सिन यांनीं एका सहकाऱ्यासह नोंदी जमवून इतर रुग्णालयांच्या आंकड्यांशीं ताडून पाहिल्या. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. १९९५ च्या जानेवारींत, त्यांचा विरोध असतांहि, दीड वर्षाच्या एका बालकावर शस्त्रक्रिया झाली. तें वाचलें नाहीं.

प्राध्यापक इयन केनेडी यांच्या चौकशीचा अहवाल २००१ सालीं निघाला. १९९१ ते १९९५ या काळांत एक वर्षाखालील ३० ते ३५ बालकें अपेक्षेहून अधिक मृत्यु पावलीं, असें त्यांत आढळलें. मला बोंचतें तें हें कीं, आंकडे रुग्णालयांत विपुल होते. ते पाहून जाब विचारणें कोणाचें काम, हेंच ठरलेलें नव्हतें. आमच्या शाळेंत नापासांचा तक्तासुद्धां दरसाल मुख्याध्यापकांपुढें जाई! बोल्सिन पुढें ऑस्ट्रेलियांत गेले. ब्रिटनमध्यें मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल आतां रुग्णालयवार प्रसिद्ध होतात.