लोणारचं आकाश

मंडळी, लोणारचा इतिहास आपण नेहमी खाली पाण्याकडे बघत सांगतो. आज जरा मान वर करूया.

1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं अभ्यासक त्याला ज्वालामुखीचं काम समजत होते. 1973 मध्ये, खडकात सापडलेल्या मॅस्केलिनाइट या काचेसारख्या पुराव्यांवरून, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं हे विवर अशनीच्या आघाताचं आहे हे पक्कं झालं. म्हणजे बुलढाण्याची जगभरची ओळख आकाशातून आली!

आता हौशी छायाचित्रकार अमावस्येच्या आसपास इथे ट्रायपॉड घेऊन येतात. उन्हाळ्यात वृश्चिक-धनु दक्षिणेला आले, की आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा दिसतो. तो टिपायला कॅमेऱ्याचं शटर पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात समोर एक हॅलोजन लागला, की फोटो गेलाच म्हणून समजा.

2020 मध्ये लोणार रामसर यादीत आलं, पाणथळ जागा म्हणून. आपल्याच विदर्भातलं पेंच 2024 मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. तिथे काळोखही जपण्याची गोष्ट मानला गेला. लोणारला ते का जमू नये? दिवे विझवा असं कोणी म्हणत नाही. त्यांना वरून झाकण घाला, तोंड जमिनीकडे करा. ज्या आकाशानं हे विवर दिलं, ते विवराच्या काठावरून दिसत राहिलं पाहिजे, एवढंच.